सास्तूरची पत्रिका

ढोकीत आमच्या घरी लग्नपत्रिका आली की आधी देवापुढं जाते, तिला हळदीकुंकू लागतं, मगच सासरे ती उघडून मोठ्यानं वाचतात. हल्ली पत्रिका फोनवर येतात, म्हणून माझा फोनच देवघरात जातो. स्क्रीनवर कुंकवाचं बोट उमटतं आणि माझं डोकं तापतं.

त्याच फोनमधल्या वॉलेटात माझे क्रिप्टोचे कॉइन होते, ब्लाऊज शिवून शिवून जमवलेले. त्यातून मला स्टँडजवळ स्वतःचं शिलाईचं दुकान टाकायचं होतं. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून असायची. फुकट कॉइन वाटणारी लिंक आली की मनातल्या मनात चार शिव्या हासडून ब्लॉक करायची.

ही पत्रिका मात्र सास्तूरच्या चुलतसासऱ्यांच्या नंबरवरून आली. बांधाच्या भांडणापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. एकमेकांच्या घरच्या कार्याला कुणी गेलं नव्हतं. मी भाकरी थापत होते. सासऱ्यांनी फोन देवापुढं ठेवला, हात जोडले आणि पत्रिकेवर बोट दाबलं. फोननं जे जे विचारलं त्याला ते हो म्हणत गेले.

"ह्यात पत्रिका दिसंना गं," ते म्हणाले.

मी पाहिलं. पत्रिका कसली, एपीके फाइल होती, दाबली की फोनमध्ये चोरांचं ॲप शिरवणारी. पिठाच्या हातानंच फोनचं नेट बंद केलं आणि नवऱ्याचा फोन ओढून घेतला. वॉलेटची किल्ली म्हणून पाठ केलेले बारा शब्द घालून माझं वॉलेट त्यावर उघडलं, चोरांना ठाऊक नसलेलं दुसरं नवं वॉलेट काढलं आणि सगळे कॉइन तिकडं हलवले. ते पोचल्याचं दिसल्यावरच फोन खाली ठेवला.

मग मात्र माझा तोल गेला. "मामा, विचारल्याबिगर कशाला दाबलं तुम्ही? चोरांची फाइल होती ती. काकांचा फोन हॅक झालाय. त्यांच्या फोनमधल्या सगळ्यांनाच गेलीय."

तेवढ्या वेळात सासऱ्यांनी पेटीतून ठेवणीतलं धोतर काढून खाटेवर ठेवलं होतं. मला वाईट वाटलं. आवाज उतरवून म्हटलं, "जाऊ द्या मामा, वाचलं सगळं. काय बी गेलं न्हाय."

त्यांनी धोतराची घडी हातानं सारखी केली.

"मंजी त्यानं बोलवलंच न्हाय व्हय?"