रुपचंद हवालदाराची साक्ष

धुळ्यात, देवपूरला, आमच्या वरच्या खोलीत रुपचंद हवालदार भाड्यानं राहतात. पोलीस खात्यातून निवृत्त झाले, पण ताठ उभं राहायची सवय अजून गेलेली नाही. भाजीच्या गाडीपाशी उभे असले तरी आधी मागे कोण आहे ते बघून घेतात. आपली हकिगत त्यांनी मला एका बैठकीत कधी सांगितली नाही. थोडी जिन्यात, थोडी गच्चीवर माझी बायको ज्वारीचे पापड, म्हणजे बिबड्या, वाळत घालत असताना, अशी ती मला कळत गेली.

गाव पिंपळनेरच्या पलीकडचं. घरची कोरडवाहू जमीन थोरले भाऊ अभिमन करायचे आणि रुपचंद पोलिसात. बायको लवकर गेली, मागे एक मुलगी, दिपमाला. त्याच सुमारास त्यांची नेमणूक प्रेमराज आबांकडे झाली. आबा त्या पट्ट्यातले आमदार. आमदाराला सरकार गनमॅन देतं, तसा हा गनमॅन.

वर्षं जात राहिली आणि खात्यानं माणूस बदलायचं म्हटलं की आबाच फोन करून सांगायचे, राहू द्या त्याला. रुपचंद गाडीत पुढं बसायचे, आबा उतरले की त्यांच्या मागं उभे राहायचे. जेवण आबांच्याच घरी. आबांच्या पत्नी सुगंधाबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, स्वतः वाढायच्या. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कधी शेवभाजी. दिपमालाला नर्सिंगला प्रवेश मिळत नव्हता तेव्हा आबांनी शब्द टाकला. तिच्या लग्नात मांडवात उभं राहून पाहुण्यांना पानसुपारीही त्यांनीच दिली. रुपचंद म्हणतात, "माझं दुसरं घरच होतं ते. खरं तर पहिलंच."

जे घडलं ते एका उन्हाळ्यात. टंचाईचं गाव होतं, ग्रामपंचायतीपुढं सभा भरलेली, बाया रिकामे हंडे घेऊन बसलेल्या. आबांनी सांगितलं की पाइपलाइनचं काम चालू आहे, महिन्याभरात पाणी येईल. पाणीपुरवठ्याचा एक तरुण इंजिनीअर बाजूला उभा होता, तेजस नावाचा, नोकरीत नवा. एका बाईनं त्यालाच विचारलं, आणि त्यानं सरळ सांगून टाकलं की काम ठेकेदारानं कधीचंच सोडलंय. ठेकेदार आबांचा माणूस होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बाया हसल्या. आबा वळले आणि त्यांनी त्या पोराच्या कानाखाली ओढली. तो धडपडला, त्याला सावरलं ते रुपचंदनी. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग आणखी चार जणांनी. साहेबाला मारणारा आमदार लोकांना आवडला होता.

आबांना लोकांपासून सांभाळायचं, एवढंच रुपचंदना शिकवलं होतं. आबांचाच हात उठला तर काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. ते परत आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

तेजसच्या कानाचा पडदा फाटला. त्यानं तक्रार दिली, गुन्हा दाखल झाला, रुपचंदचाही जबाब झाला. त्यांनी पाहिलं ते सांगितलं, ठाणेदारानं चार ओळींत उतरवलं आणि खटला पडून राहिला. मधल्या काळात आबा पुन्हा निवडून आले. मग आमदार-खासदारांवरचे खटले लवकर निकाली काढा असं वरून आलं आणि धुळ्याच्या कोर्टात तारखा पडू लागल्या. सरपंच आला आणि म्हणाला, माझं लक्ष नव्हतं. ग्रामसेवक म्हणाला, मी आत चहा सांगायला गेलो होतो. साक्षीदार एकामागून एक फितूर होत गेले.

रुपचंदच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी गाडी साक्रीहून परत येत होती. आबा मागून म्हणाले, "उद्या तुनी साक्ष शे ना?"

"हां, आबा."

"सकाळे जेवी-खाई जाजो. कोर्टमा पुरा दिन जास."

यापलीकडं ते एक शब्द बोलले नाहीत. धमकी नाही, विनवणी नाही. रुपचंद सांगतात की तेच त्यांना जड गेलं. आबांनी काही मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. पण आबांना मागायची गरजच वाटली नव्हती.

कोर्टात साक्षीदारांना बाहेर बाकावर बसवतात. रुपचंद साध्या कपड्यांत बसले होते. शेजारी येऊन बसला तो तेजस. केस कपाळावरून मागं सरकलेले, अंगानं भरलेला. त्यानं रुपचंदना ओळखलं नाही. थोड्या वेळानं पट्टेवाल्यानं दारातून त्याचं नाव पुकारलं. तेजस समोर बघत बसून राहिला. पट्टेवाल्यानं पुन्हा पुकारलं, तरी तो हलला नाही. रुपचंदनी त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, तुमचं नाव आलं. तो गडबडीनं उठला. "माफ करा, या बाजूनं मला ऐकू येत नाही," म्हणाला, आभार मानून आत गेला.

रुपचंद बाकावर बसून राहिले. रात्रभर त्यांनी सरपंचासारखंच एक वाक्य घोळवून ठेवलं होतं, मी गर्दीकडं बघत होतो. खोटंही फारसं नव्हतं ते.

आबांच्या वकिलानंही तोच रस्ता मोकळा करून दिला. "तुमचं काम गर्दीवर लक्ष ठेवायचं. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तुमची नजर गर्दीवर होती."

रुपचंदनी आरोपीच्या जागेकडं एकदा पाहिलं. आबा हाताची घडी घालून, अगदी स्वस्थ उभे होते. "नजर आबांवर होती," रुपचंद म्हणाले. "आबांनी उजव्या हातानं मारलं. साहेब पडत होते, मी धरलं."

कोर्ट सुटल्यावर काय करावं ते त्यांना समजेना. ड्यूटी तर होतीच. ते जाऊन गाडीशी उभे राहिले, आबा आले तसं त्यांच्यासाठी दार उघडलं, आणि स्वतः पुढच्या सीटवर बसले. गाडी घरी आली. आबा उतरून आत गेले. जेवायला या अशी हाक त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी मुख्यालयात हजर होण्याचा आदेश आला.

निकालाला पुढं बराच वेळ लागला. आबांना दोन वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षांची झाली की आमदारकी जाते, हे तेव्हा गावोगाव लोकांना पाठ झालं. आबांना जामीन मिळाला, वरच्या कोर्टात अपील गेलं, पण दोषी ठरवल्याला स्थगिती मिळाली नाही. विधानसभेतली त्यांची जागा रिकामी झाल्याचं रुपचंदनी चहाच्या टपरीवर टीव्हीत पाहिलं. टपरीवाला म्हणाला, बरं झालं. बाजूचा एक जण म्हणाला, गरिबाचा माणूस होता. रुपचंदनी चहा अर्धाच ठेवला आणि निघाले.

त्यानंतर खात्यानं त्यांना सरकारी तिजोरीच्या पहाऱ्यावर बसवलं. एकाही पुढाऱ्यानं हा गनमॅन आम्हाला द्या असं म्हटलं नाही. बरोबरीचे शिपाई वाईट वागत नव्हते, फक्त रुपचंद आले की बोलता बोलता थांबायचे. एका तरुण पोलिसानं बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही बरोबर केलं. पण तोही चारचौघांत तसं म्हणाला नाही. क्वार्टरमध्ये ते स्वतः रांधू लागले. भल्या मोठ्या घरात जेवायची सवय, एका माणसापुरतं पीठ किती मळायचं याचा अंदाजच येत नसे.

गावाकडं पुतणीचं लग्न निघालं. पत्रिका आली नाही, थोरल्या भावाचा फोन आला. अभिमनभाऊ बराच वेळ पावसापाण्याचं बोलले, मग म्हणाले, "तू उना ते आबा येवाव नहीत. पोरना मामासले आबा पाहिजेत. समजी ले." नवऱ्या मुलाच्या मामांना लग्नात आबा हवे होते, आणि रुपचंद आले तर आबा येणार नव्हते. रुपचंद म्हणाले, समजलं. लग्नाच्या दिवशी त्यांनी ड्यूटी मागून घेतली.

दिपमाला सुरतेला एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं फोनवर एकदाच विचारलं, "नाना, तुम्ही काहीच बोलला नसता तर चाललं नसतं का?" ती रागावली नव्हती. ते म्हणाले, चाललं असतं. नंतर तिचे फोन येत राहिले, पण कमी.

पोटनिवडणूक लागली तेव्हा उभ्या राहिल्या अक्का. आबांपेक्षा जास्त मतांनी आल्या. मतमोजणीच्या ठिकाणी फाटकावर रुपचंदचा बंदोबस्त होता. निकाल लागला तसा गुलाल उडाला, ढोल सुरू झाले, गर्दीचा लोंढा फाटकाकडं आला. त्या लोंढ्यात आबा होते. गनमॅन आता अक्कांना मिळणार होता, आबांच्या मागे कोणी नव्हतं. लोक त्यांना खांद्यावर उचलायला बघत होते, त्यांचा तोल जात होता. रुपचंद विचार न करता पुढं झाले. एका हातानं गर्दी मागं रेटली, दुसरा हात आबांच्या पाठीशी धरला, आणि त्यांना मोकळ्या जागेत आणलं. आबांनी वळून पाहिलं नाही. पण क्षणभर ते थांबले. तो हात कोणाचा हे त्यांना कळलं असावं, असं रुपचंदना वाटतं. मग आबा चालू लागले.

अक्का मागून येत होत्या, कपाळ गुलालानं भरलेलं. त्यांनी रुपचंदना ओळखलं आणि ढोलाच्या आवाजात अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही खरं बोलनात. मी नही म्हणत नही. पन आते मना घर येऊ नका."

रुपचंदनी मान हलवली. संध्याकाळपर्यंत ते फाटकावर उभे होते.

तेजसची बदली पुढं जळगाव जिल्ह्यात झाली, जामनेरला. निवृत्तीनंतर रुपचंद एकदा बसनं तिकडं जाऊन आले. मी विचारलं, कशासाठी. म्हणाले, "असंच. कोणाशी तरी त्याबद्दल बोलावं वाटलं." तेजसनं चहा दिला, बायकोची ओळख करून दिली. साक्ष देणारे गनमॅन हेच, हे ऐकून त्याला अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, आबांची आमदारकी जावी असं माझ्या मनात कधी नव्हतं, एकदा घरी येऊन चुकलं म्हणाले असते तर मी तक्रार मागं घेतली असती. आता कोणी तो विषय काढला तर नकोसं होतं. रुपचंद चहा संपवून निघाले आणि मिळेल त्या बसनं धुळ्याला परत आले.

अपील अजून चालू आहे. तारीख कधी आहे हे ते कोणाला विचारत नाहीत.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं लेकी माहेरी आल्या, गल्लीत झोके बांधले गेले. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली आणि दिपमाला उतरली, न कळवता. रुपचंद जिन्यात उभे होते. तिची बॅग घेऊन ते वर गेले. दोन दिवस खोलीतून तव्याचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. तिनं पुरणपोळ्या केल्या, आम्हालाही आणून दिल्या. मागचं काही निघालं का, मी विचारलं नाही. गच्चीवर दोघं बसलेली दिसायची, ती बोलायची, ते ऐकायचे.

निघताना ती म्हणाली, नाना, सुरतेला चला, खोली आहे. ते म्हणाले, पावसाळ्यात येईन. तिला बसवून द्यायला ते स्टँडवर गेले. बस सुटून गेली असेल त्यानंतर बऱ्याच वेळानं परत आले. चालतच आले होते.