हौदात टाकलेला सोडा

मालकांची टोपी पाण्यावर तरंगत होती आणि टोपीखाली मालक नव्हते. पाणी चुना कालवल्यासारखं पांढरं. हात बुडवला तर मनगट दिसत नव्हतं, मग तळ कुठला दिसायला? "अवो!" म्हणून मी दोनदा हाक मारली. जेवायला बोलावलं तरी तिसऱ्या हाकेला उठणारा माणूस, त्यामुळं दोन हाकांवरून मला काही कळेना.

पाणी पांढरं मीच केलं होतं.

कळस गावात आमच्या घरामागं मुलानं पोहायचा हौद बांधला, तो वडलांच्या, म्हणजे मालकांच्या, गुडघ्यांसाठी. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीभर पाण्यात रोज चालायला सांगितलं होतं. जमिनीवर चार पावलं चालायला सांगितलं की मालक तोंड वाकडं करायचे, पण हौदात उतरले की म्हशीसारखे खूश. टोपी मात्र पाण्यातही काढत नव्हते.

मुलाला धास्ती बोअरच्या पाण्याची. आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की पातेल्याच्या बुडाला खडूसारखा थर धरतो आणि ठिबकच्या नळ्या दरवर्षी तुंबतात. तोच थर हौदाच्या फरशीवर बसला की फरशी खरखरीत होते, पाय सोलवटतात, फिल्टर चोंदतो. म्हणून त्यानं हौद शेततळ्यातल्या कालव्याच्या पाण्यानं भरला होता. उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, म्हणून वर ताडपत्री. तो एमआयडीसीत कामाला. रोज सकाळी गाडीला किक मारायच्या आधी बजावायचा, "आई, बोअरचा पाइप हौदात सोडायचा न्हाय."

उन्हाळ्यात शेततळं आटलं, कालव्याला पाणी सुटायची पाळी लांबली. हौदातलं पाणी कमरेला आलं. मालकांची कुरकुर सुरू झाली, "ह्यात चालायचं का नुसतं उभं राहायचं?" मी बोअरचा पाइप सोडला. जड पाण्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पंचावन्न वर्षं ह्याच गावात धुणं धुतेय. बादलीत मूठभर धुण्याचा सोडा टाकला की साबणाला फेस येतो. बादलीला मूठ, तर हौदाला पोतं.

सून म्हणाली, "आत्या, ह्यांना फोन करून इचारू का?"

"त्याची कापडं अजून मी धुती. त्याला काय इचारायचं?"

पोतं ओतल्यावर तासाभरात हौदाचं दूध झालं. सोड्यानं पाण्यातले क्षार सुटून पिठासारखे पसरले होते. बादलीत तो गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी आपण घेतो. हौदात तो केव्हा बसणार, हे मला ठाऊक नव्हतं.

मालक आले, डोकावले. "ताक केलंयस व्हय गं? मीठ तरी टाकायचंस."

"आज उतरू नका. निवळू द्या."

"तुझ्या हातचं एवढी वर्षं खातोय, अजून मेलो न्हाय." आणि लागले उतरायला. मी सुनेला हाक मारायला घराकडं वळले. पांढऱ्या पाण्यात त्यांना दुसरी पायरी दिसली नसणार. धप्प आवाज आला, वळून बघते तर टोपी.

तिसरी हाक मारली नाही. नऊवारीसकट उतरले. पाणी माझ्या गळ्याला लागलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून पायानं चाचपत पुढं गेले. पायाला मऊ लागलं, ते पोट. नाक दाबून खाली वाकले, हाताला बंडी लागली, ओढली. एरवी मला त्यांना खाटेवरून उठवता येत नाही. पाण्यात आले वर. काठावरून सुनेनं दोन्ही बखोटी धरली, मी खालून रेटलं.

कुशीवर घातल्यावर पुष्कळ पाणी ओकले. मग खोकले, मग एक डोळा उघडला.

"पोटावर पाय दिलास."

"सगळ्या हौदात तेवढंच होतं. दुसरीकडं कुठं देऊ?"

सून रडता रडता हसायला लागली. मी तिथंच फरशीवर बसले.

बारामतीच्या दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवलं. मुलानं तिथं विचारलं, "आई, पाण्यात काय टाकलंस?" मी सांगितलं. तो उठून चहा आणायला गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर त्यानं हौद उपसला, थर खरवडून काढला आणि कालव्याची पाळी येईपर्यंत हौद कोरडा ठेवला. आता दर महिन्याला पाणी तपासतो, आणि तळ दिसल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, हा नियम माझा.

पाण्याखाली गेले ते मालक आता एकोणऐंशीचे आहेत. त्यांना वर काढलं ती मी चौऱ्याहत्तरची. दोघंही जिवंत आहोत.