घुबडाने नेलेला दगड

माझी भाची मोबाइलवर जे गेम खेळते त्यांतल्या निम्म्यांमध्ये कुठे ना कुठे घुबड असतंच. एक चष्मा लावून उपदेश करतं, एक ढोलीत दुकान मांडून बसलंय, एक तर पाठीवर बसवून नदीपार सोडतं. भाचीला ही घुबडं फार आवडतात. "बघ ना मावशी, किती गोड आहे," म्हणत ती फोन माझ्या नाकासमोर धरते. मी हो म्हणते आणि लगेच विचारते, "तू त्याला काही फेकून मारलं नाहीस ना?" मग ती माझ्याकडे कशी बघते ते मला ठाऊक आहे. शिकलीसवरली मावशी आणि फोनमधल्या घुबडाला भिते. भिते तर भिते. तिच्याएवढी असताना मी एका घुबडापायी चार महिने धड झोपले नव्हते, आणि तेही असंच काचेआडचं होतं.

आम्ही तेव्हा माळेगावला कारखान्याच्या चाळीत राहायचो. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. माझे वडील, म्हणजे तात्या, कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर आला की भरलेला किती, रिकामा किती ते बघायचं आणि पावती फाडायची. त्या दिवाळीला त्यांनी बारामतीहून टीव्ही गेम आणला. आई म्हणाली, पोरीच्या नावाखाली सवताचीच हौस. ते खरंच होतं. सातवीतल्या मुलीपेक्षा चाळिशीतला बापच त्या गेमला जास्त भुलला होता.

गेमला वायरवाले दोन रिमोट होते. पहिल्याला मधोमध दोन बटणं जास्त, त्यातलं एक दाबलं की गेम सुरू व्हायचा. तो माझा. सुरू करायचा मान मला हवा असायचा, आणि तात्यांना कुठल्याच मानाचं काही नव्हतं. बारामतीत एक दुकानदार गेमच्या कॅसेट बदलून द्यायचा. एकदा त्याच्याकडून चिनी का जपानी अक्षरं छापलेली एक कॅसेट आली. तिचं नाव आम्हाला कधीच वाचता आलं नाही. दोन पोरं रानातून चाललीत, वाटेत फळं वेचायची, साप, विंचू, माकडं आडवी आली की दगड मारायचे. दगड लागला की प्राणी उलटा होऊन खाली पडायचा. भाचीच्या आताच्या गेमपुढे काहीच नाही, पण आम्ही दोघं जेवणं विसरायचो.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. गेममधलं एक पोर लाल सदऱ्यातलं आणि एक निळ्या, असं दुकानदार सांगायचा. आम्हाला दोघंही राखाडी दिसायची. लांब असली तर कोण कुठलं ते कळायचं, एकमेकांला चिकटून उभी राहिली की काही कळायचं नाही. पुढचं सगळं रामायण त्या राखाडी रंगामुळे झालं.

चौथ्या स्टेजला फांदीवर घुबड होतं. बाकीचे प्राणी अंगावर यायचे, हे नुसतं बसलेलं. आपण डावीकडे गेलो की मान डावीकडे, उजवीकडे गेलो की मान उजवीकडे. एका रविवारी भर दुपारी आम्ही दोघं एकाच वेळी त्याच्या खाली पोचलो आणि एकाच वेळी दोघांनी दगड मारला. एक दगड झुडपात पडला. दुसरा घुबडाने चोचीत झेलला. ते उडालं, पडद्याच्या कडेला तळं होतं तिथे गेलं, दगड पाण्यात टाकला आणि परत फांदीवर येऊन बसलं. मान वळवून आमच्याकडे बघायला लागलं.

आम्हा दोघांनाही आबांचं बोलणं आठवलं.

आबा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. आमच्या घरात मेंढरं राखणारे तेवढेच उरले होते. कऱ्हाटीच्या माळावर त्यांचा बाडबिस्तरा असायचा. उन्हाळ्यात आम्ही गेलो की बाभळीवरच्या पिंगळ्याला मी ढेकूळ मारायला जायची. त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "पोरी, घुबडाच्या जातीला ढेकूळ मारू न्हाय. ते ढेकूळ चोचीत धरतं, वढ्यात न्हेऊन टाकतं. ढेकूळ जसं इरघळंल तसा मारणारा माणूस झिजत जातो." तात्या तेव्हा शेजारीच तंबाखू मळत बसले होते.

आता तात्यांनी उठून बटण बंद केलं. "डोळं दुखत्यात," म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. दुसऱ्या दिवशी कॅसेट बारामतीला परत गेली.

झेललेला दगड तात्यांचाच, याबद्दल मला शंका नव्हती. माझा नेम कधी चुकत नसे, पण त्या वेळी माझा अंगठा घामाने सरकला होता. मारणारा झिजतो. म्हणजे तात्या झिजणार.

मी मनाची समजूत घालायला लागले. आबा ढेकूळ म्हणाले होते, गेममध्ये तर दगड होता. पण तो खरंच दगड होता का? राखाडी गोळा होता नुसता. ढेकूळ असेल तर दिवसाचं काम, दगड असेल तर वर्षं जातील. शिवाय ओढ्याचं पाणी वाहतं, हे तर तळं. मी हौदात एक ढेकूळ आणि एक दगड टाकून बघितला. ढेकूळ सकाळचं संध्याकाळपर्यंत गाळ झालं. दगड मी रोज शाळेतून आल्यावर बाहेर काढून चाचपायची. तो तसाच होता, तरी मला रोज वाटायचं, काल जरा मोठा होता. आईने एकदा बघितलं आणि पिण्याच्या पाण्यात हात घातला म्हणून धपाटा दिला. मी रडले, पण कशासाठी रडते ते सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, असं मला वाटायचं.

आणि तात्या खरोखरच झिजायला लागले.

आधी सदरा ढगळ झाला. मग गालफडं बसली. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी चुलीत खिळा तापवून पट्ट्याला नवीन भोक पाडलं. चामडं जळल्याचा वास घरभर झाला. शिमग्याच्या आधी आणखी एक भोक पडलं. आईने धरूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, अशक्तपणा आहे, नीट खात जा. आई डबा आणखी भरून द्यायला लागली. डबा रोज चाटूनपुसून रिकामा परत यायचा, आणि माणूस काही भरेना.

तात्यांचं आणखी एक सुरू झालं होतं. दर सोमवारी शाळेआधी ते मला कारखान्याच्या दवाखान्यात न्यायचे आणि तिथल्या काट्यावर उभं करायचे. काटा स्थिर होईपर्यंत वाकून बघत राहायचे. "उतर," म्हणायचे आणि जरा हसायचे. मी म्हणायची, "तात्या, आता तुमी उभं ऱ्हावा."

"दुसऱ्याचं वजन करणाऱ्यानं सवताचं करू न्हाय," असं म्हणून ते निघायचे. मला इतका राग यायचा. माझं वजन बघून काय करायचंय? झिजतंय कोण आणि मोजतायत कुणाला!

शेवटी मी एकच ठरवलं. तळ्यात उतरून तो दगड बाहेर काढायचा. घुबडाच्या पुढे तळ्याची स्टेज असणारच. मी बारामतीच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, ती कॅसेट इंदापूरला त्याच्या भावजयीच्या दुकानात गेली. मी घरी येऊन तात्यांना म्हटलं, "इंदापूरला जायचंय. ती घुबडाची कॅसेट परत बघायचीय." ते कशाला म्हणून विचारतील, याचं उत्तर मी वाटेत तीनदा घोकलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "येत्या रविवारी जाऊ." आईला मात्र सांगितलं, तिकडेच नरसिंहपूरला दर्शनाला जातोय. तिने भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

वाटेत निमगाव केतकीला एसटी थांबली तेव्हा तात्यांनी पेरू घेतले, सगळे मलाच दिले आणि मी खाताना टक लावून बघत राहिले.

इंदापुरातलं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. एक बाई मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत बसली होती. भिंतीला कॅसेटी, कोपऱ्यात रंगीत टीव्ही. आमची कॅसेट तिने बरोबर काढली. "ही कुणी न्हेत न्हाय. घुबडापाशी समदी अडकत्यात," म्हणाली. तात्या उंबऱ्यातच उभे होते. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, पण आवाज फाटला. "दोघांनी संगट मारला तर ते घुबड दगड धरतं कुणाचा?"

"एक नंबरच्या रिमोटचा. दोन नंबरचा धरतच न्हाय, तसंच बनवलंय ते."

एक नंबरचा रिमोट माझा. म्हणजे दगड माझा. तात्यांचा नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. झिजायचं ते मी झिजेन, तात्या आता भरतील, पट्ट्याची भोकं मागे मागे जातील. मी वळून बघितलं तर तात्यांच्या तोंडाचं पाणी पळालं होतं.

"एक नंबरचा माझ्याकडं हुता," ते म्हणाले.

"न्हाय तात्या. माझ्याकडं हुता. सुरू मीच करती."

"त्या दिवशी माझ्याकडं हुता."

"खोटं बोलू नगा. दगड माझा हाय."

"माझा हाय म्हणतोय ना." ते एवढ्या जोरात कधी बोलत नसत. बाईने लसूण सोलायचं थांबवलं. आणि त्यांच्या त्या आवाजातच मला सोमवारचा काटा दिसला, ते वाकून बघणं, ते जरासं हसणं. मी त्यांच्यासाठी भीत होते, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी भीत होता. मला रडू फुटलं. ते मला जवळ घेऊन बाईसमोरच म्हणाले, "माझा दुपारचा डबा मी खातच न्हाय. काट्यावर ऊसतोडीची पोरं येत्यात, त्यांना देतो. देवाला म्हणलं, कुणीतरी झिजायचंच हाय तर मी झिजतो, पोरीचं वजन ढळू द्यू नगं."

बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. हात पदराला पुसले, कॅसेट लावली आणि खेळायला बसली. मी इतकं सराईत खेळताना कुणाला बघितलं नव्हतं. तिचं लाल सदऱ्यातलं पोर घुबडाखाली आलं, तिने मुद्दाम दगड मारला, घुबडाने झेलला, तळ्यात टाकला. पाचवी स्टेज, सहावी स्टेज. सातवीला पोर पाण्यात उतरलं. निळ्या पाण्याच्या तळाशी वाळूवर तो दगड पडला होता. पोराच्या सदऱ्यासारखाच लाल होता. पोराने हात लावला, टुणकन आवाज झाला आणि वर कोपऱ्यात एक लाइफ, म्हणजे पोराचा एक जीव, वाढली.

"न्हेलेला दगड ते सांभाळून ठेवतं," बाई म्हणाली. "कुणी हितवर येतच न्हाय, म्हणून कुणाला ठावं न्हाय."

तात्या पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उकिडवे बसले. "जसाच्या तसा हाय?"

"मग काय झिजंल व्हय? चित्र हाय दादा ते."

"दुसऱ्यांदा दाखवा," तात्या म्हणाले. तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं खेळून दाखवलं. लसूण तसाच राहिला. दुसऱ्यांदाही दगड तेवढाच होता.

मग दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही फडकं सोडलं. तात्यांनी पहिला घास घेतला आणि मग ते असे जेवले की तोवर मी कुणाला तसं जेवताना बघितलं नव्हतं. माझ्या वाटची अर्धी भाकरीही मी त्यांच्याकडे सरकवली आणि त्यांनी ती खाल्ली. बाईने आतून लोणचं आणून दिलं.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. पोट भरल्याने तात्या पेंगत होते. बारामती जवळ आली तसे जागे झाले, पट्टा जरा सैल केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तरी पण सांगून ठेवतो. त्या दिवशी एक नंबरचा माझ्याकडंच हुता."

त्यानंतरही किती वेळा, कधी गमतीत, कधी आजारपणात, त्यांनी ते म्हणून दाखवलं. शेवटच्या दुखण्यात तर माझा हात धरून म्हणाले. मी त्याला एकदाही व्हय म्हटलं नाही.