दोन्ही वेळा हात वर

मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत मी 'बाजूने' आणि 'विरोधात', दोन्ही वेळा हात वर केला. प्रश्न होता, वंशभेदाचा इतिहास वर्गात शिकवावा का? बाबाने 'हो' म्हणावं अशी मुलीची फार इच्छा होती, कारण वर्गातली गोरी पोरं तिला 'करी' म्हणून चिडवतात. पण मी पडलो समतोल माणूस! उठून म्हणालो, "जरूर शिकवा, फक्त कुणाला वाईट वाटेल इतकं नको." टाळ्या दोन्हीकडून पडल्या. मी खूश.

गाडीत मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, यू वेअर ऑन देअर साइड टू."

मी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "उद्या परत चिडवलं तर तिला सांग, एकाच डोळ्याने रड."