शाझलीची जपलेली कॅसेट

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुना ठेवा जपायची एक खोली आहे. डीनसाहेबांच्या लेखी ती अडगळ. त्या अडगळीत शाझलीनं आणि मी अर्धं आयुष्य घालवलं. मी कागद बघायचे, तो कॅसेटी.

शाझलीचं गाव धरणात बुडालं तेव्हा तो अंगावर पीत होता. निघायच्या सकाळी त्याची आई कबरस्तानात गेली, एकेका कबरीवर पाणी शिंपडून, नाव घेऊन तिनं निरोप घेतला. म्हातारपणी तिनं ती सगळी नावं आमच्या एका प्राध्यापकाला सांगितली. कॅसेटची एक बाजू भरली. मग ती वारली. मागे राहिला तो एवढाच आवाज.

त्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून शाझलीनं कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून टाकली. स्वतः मात्र कधी ऐकली नाही. "वाजवली की फीत झिजते," म्हणायचा.

"अरे, आई आहे ती. लोणचं आहे का मुरत ठेवायला?" मी म्हणायचे. तो नुसता हसायचा.

यंदा त्याची थोरली बहीण नबरा आली. डोळे गेलेत तिचे. खजुराचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "मला निम्मीच नावं आठवतात रे. आईकडून एकदा ऐकते, पोरींना पाठ करून देते. मग मरायला मोकळी."

शाझलीनं कपाटातून कॅसेट काढली आणि थबकला. मोडलेल्या टिकलीच्या जागी चिकटपट्टी होती, म्हणजे वर पुन्हा भरायची वाट मोकळी. त्यानं कॅसेट लावली.

"बंधुभगिनींनो, वारसा जपणं हे आपलं पवित्र कर्तव्य आहे..."

डीनसाहेब!

मी तडक वर गेले. त्यांचा सेक्रेटरी फूल, म्हणजे तेलात घोटलेली शेंगदाण्यांची उसळ, खात होता. मान वर न करता म्हणाला, "वारसा सप्ताहात कोरी कॅसेट मिळेना. शाझली रजेवर होता, घेतली एक. म्हातारीची बडबड तर होती." बोटांवरून तेल ओघळत होतं. याच बोटांनी त्यानं पट्टी चिकटवली असणार. मला शिसारी आली. त्याची आली, डीनची आली, त्या सप्ताहात टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांचीसुद्धा आली.

खाली आले तर भाषण चालूच होतं. शाझली यंत्रावर वाकून बसला होता. भाषण फितीआधी संपलं तर मागे आईची चार-दोन नावं उरली असतील, एवढीच त्याची आशा.

"हा बाबा फार बोलतो रे," नबरा म्हणाली. "आईची पाळी कधी?"

"होईल त्याचं, ताई. थांब जरा."

ती थांबली. फीत संपून बटण खटकन वर आलं, तेव्हाही डीनसाहेबांचं वाक्य अर्धंच होतं.

नबरानं ओढणी सारखी केली, कान पुढे केला.

"गप्प बसला एकदाचा," ती म्हणाली. "आता आई ना?"