टेलिव्हिजनवरचा आमचा खून

मी चार वर्षांचा असताना सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या सुताच्या दुकानात माझ्या वडिलांचा खून झाला. पोलिसांनी धाकट्या काकांना तीन दिवस बसवून ठेवले आणि सोडून दिले. दुसरे कुणी सापडले नाही. पुढे काकांनी दुकान चालवले, मला शिकवले, लग्न केले नाही. आई, जिला मी अव्वा म्हणत असे, त्यांना रोज दोन वेळा जेवायला वाढायची. तुम्हीच केले का, हे तिने चाळीस वर्षांत त्यांना विचारले नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या कुणीतरी त्या प्रकरणावर टेलिव्हिजनसाठी चित्रपट केला. नावे बदलली होती. सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन दिसत नसे, म्हणून आम्ही पुण्याला माझ्या मावसबहिणीकडे गेलो. एवढा चित्रपट केला म्हणजे त्यांनी खुनीही शोधला असेल, असे अव्वाला वाटत होते. काकाही आले. न येण्याचाही अर्थ निघाला असता.

बहिणीच्या खोलीत शेजारचे वीसेक लोक जमले होते. आम्ही कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. पडद्यावर वडिलांना मिशा होत्या. काकांनाही होत्या, पण अधिक. दोघे भाऊ दुकानाच्या वाटणीवरून भांडले. मग धाकटा मागच्या दाराने आत शिरला. नंतर तो बराच वेळ हात धूत होता.

"भावानंच मारलं! मिशांवरूनच कळत होतं," शेजारच्या एक बाई काकांना म्हणाल्या.

"व्हय, तसंच वाटतंय," काका म्हणाले. त्यांना मिशा नव्हत्या.

मी अव्वाकडे पाहिले नाही. पडद्यावर चिता रचली होती आणि तोच भाऊ अग्नी देत होता.

"अगं बाई, जाळाय लागलेत की," अव्वा म्हणाली.

"मग काय करणार?" बाईंनी विचारले.

"आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरतात. ह्यो दुसऱ्याच कुणाचा तरी खून हाय." आणि बहिणीला म्हणाली, "बंद कर गं."

लोकांनी बंद करू दिला नाही. शेवट राहिला होता.

परतीच्या एसटीत मोहोळ मागे पडले. मग अव्वा म्हणाली, "भावजी, मळ्यात ह्यांच्या शेजारी दोन जागा हायत. एक माझी. दुसरी तुमी घ्या."

"वैनी, नीट इचार केला न्हवं?"

"चाळीस वर्सं केला की."

काकांनी खिडकीची काच लावली. थोड्या वेळाने उघडली.

काकांना तिथे पुरून अकरा वर्षे झाली, अव्वाला दोन महिने. खून कुणी केला, ते मला माहीत नाही. मळ्यात तिघे शेजारी शेजारी आहेत.