करवतीचा दांडा

त्या करवतीला मुळात चार रबरं होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढ्या एका गोष्टीवरून मला आजही स्वतःचा राग येतो. शेठचा तर येतोच.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आग्रा रोड रुंद करायचं काम निघालं आणि पिंपळगाव बसवंतच्या अलीकडची रस्त्याकडेची झाडं तोडायचा ठेका आमच्या शेठला मिळाला. चिंचा, कडुलिंब, मोठाले वड. आयटीआयमधून फिटर होऊन मी त्याच्याकडे मशीन सांभाळायला लागलो होतो. शेठने मुंबईहून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत जुनीच विकत आणली. तोवर आमच्याकडे कुणी तसलं यंत्र बघितलेलं नव्हतं. दोन माणसं सकाळभर आरीने जो बुंधा कापायची, तो ती बघता बघता आडवा करायची. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचा.

इंजिन आणि दांडा यांच्यामध्ये ती रबरं बसवलेली होती. इंजिनाची थरथर हातापर्यंत येऊ नये म्हणून. दोन महिन्यांत ती फाटली. दांडा डुगडुगायला लागला, पातं वाकडं जायला लागलं. नवी मागवा, असं मी शेठला सांगितलं. त्याने मशीन गाडीत टाकलं, रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून रबरांच्या जागी लोखंडी पट्ट्या मारून आणल्या आणि म्हणाला, आता बघ कसा घट्ट झालाय. घट्ट झालाच होता. इंजिनाचा प्रत्येक धक्का आता थेट मनगटात यायचा. मी काही बोललो नाही. नवी नोकरी होती, घरात नवी बायको होती.

त्या थंडीत माझी बोटं मेली. दुसरा शब्द नाही. निफाडच्या बाजूची थंडी ज्याने सोसली आहे त्याला ठाऊक आहे, सकाळी गवतावर पांढरं धरतं. तशा सकाळी सायकलवरून कामावर पोचलो की उजव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी झालेली असायची. चिमटा काढला तरी कळायचं नाही. मग शेकोटीपाशी रक्त परत यायला लागलं की आग आग व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. सासूबाई म्हणाल्या, वात आहे. डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे, आणि त्याने लाल औषधाची बाटली दिली. काय काम करतोस, हे त्याने विचारलं नाही. मी ती बाटली संपवली, दुसरी आणली, तीही संपवली.

हात चालेना तेव्हा मी करवत दुसऱ्याच्या हातात दिली. हे लिहिताना मला कुठलीच सबब सापडत नाही.

तो पेठकडच्या डोंगरातला गडी होता. भात काढून झालं की बायकोला घेऊन तिकडून कामाला यायचा, रस्त्याकडेला पाल ठोकून राहायचा. कुऱ्हाडीचा हात त्याच्यासारखा मी नंतर पाहिला नाही. कुठल्या फांदीवर किती घाव, कुठल्या अंगाला, हे तो उभ्या उभ्या सांगायचा. यंत्र शिकायची त्याला हौस होती. मी त्याला शिकवलं. आठवड्याभरात त्याने विचारलं, हाताला मुंग्या येतात त्या कशाच्या? मी म्हणालो, काही नाही, सवय होते.

त्यातून आणखी एक. साखळीला धार नव्हती. बोथट साखळी कापत नाही, घासते, मग माणूस जोर लावतो आणि जेवढा जोर लावावा तेवढी थरथर अंगात जाते. शेठच्या मुकादमाला धार लावायला वेळ द्यायचा नव्हता. एक झाड पडलं की दुसरं दाखवायचा. तो गडी दिवसभर ते यंत्र छातीशी दाबून धरायचा.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. सकाळी थंडीने मशीन लवकर सुरू होत नव्हतं म्हणून त्याने कुऱ्हाड घेतली आणि पडलेल्या कडुलिंबाच्या फांद्या तोडायला लागला. त्याची बायको पलीकडे डहाळ्या गोळा करत होती. त्याने हात वर नेला आणि कुऱ्हाड त्याच्या मुठीतून निसटली. ती तिच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत रुतली. तो खाली बसला आणि दोन्ही हात पुढे धरून पाहत राहिला. बोटं पांढरीफटक.

मी जवळ गेलो. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, तुमचंबी असंच झालंय ना?"

"हो."

"तुमाला ठावं होतं?"

"हो," मी म्हणालो.

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी करवत उचलली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि कुणालाही न विचारता नाशिकला आलो. अंगात नुसता जाळ होता. तिथल्या द्वारका चौकाजवळ जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळायचे. तिथून टेम्पोच्या इंजिनाखालची रबरं आणली. घरी बसून त्या लोखंडी पट्ट्या छिन्नीने तोडल्या, रबरं मापात कापून बसवली. साखळीच्या एकेका दाताला गोल कानशीने धार लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेलो, तर शेठ रस्त्यावर उभाच होता. काम बंद का, म्हणाला. मी कारण सांगितलं. त्या गड्याचे हात गेले म्हणालो, माझेही चाललेत.

"हात काय, दुसरे मिळतात," शेठ म्हणाला.

मी पेट्रोल भरलं, मशीन चालू केलं आणि म्हणालो, "शेठ, तुम्ही धरा. पण आधी रबरं काढतो."

त्याने मला वेड्यात काढलं असतं, पण सगळे गडी काम टाकून बघत होते. मी मशीन बंद केलं, चारही रबरं काढली, दांडा नटबोल्टने थेट इंजिनाला आवळला आणि पुन्हा सुरू करून त्याच्या हातात दिलं. वडाचा बुंधा पुढ्यात होता. अर्धासुद्धा कापून झाला नाही. त्याने मशीन खाली ठेवलं, मनगट झटकलं, अंगठ्या घातलेली बोटं चोळली. "घाल तुझी रबरं," एवढं म्हणून तो गाडीत बसला. त्या गड्याचं नावही काढलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे माझे नियम चालले. टाकी संपली की धार लावायची आणि माणूस बदलायचा. मूठ सैल धरायची, यंत्राच्या वजनानेच कापू द्यायचं, दाबायचं नाही. थंडीत आधी हात शेकायचे, मगच मशीनला हात लावायचा. मुकादम कुरकुरला, पण काम पूर्वीपेक्षा लवकर उरकायला लागलं. म्हणजे यातलं काहीच अवघड नव्हतं, महागही नव्हतं. याचाच तर संताप येतो.

होळीला तो गडी बायकोसह गावी गेला. पुढच्या हंगामाला आला नाही. पावसाळ्यात मी त्याचं घर शोधत पेठच्या पुढे गेलो. शेतात भातरोपांची आवणी चालली होती, सगळं घर चिखलात वाकलेलं, आणि तो बांधावर बसून होता. गार पाण्यात हात घातला की बोटं जातात, रोप हाताला लागत नाही, असं त्याच्या बायकोनेच सांगितलं. तिच्या बोलण्यात माझ्याबद्दलचा राग होता आणि तो तिने लपवला नाही. त्याने मला चहा पाजला. मी माफी मागितली. तो म्हणाला, तुमी तरी काय करनार.

करण्यासारखं होतं. पट्ट्या मारून आणल्या त्या पहिल्याच दिवशी होतं.